दोनशे पंधरावा फोटो

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी सात वाजता मी विळीवर चार किलोचं गंगाफळ कापत बसले होते. लाल भोपळ्याला आमच्याकडे गंगाफळ म्हणतात आणि श्रावणात बसणाऱ्या आमच्या कानबाई देवीच्या नैवेद्याला त्याची भाजी लागतेच. साल जून असलं की विळी अडते आणि माणूस चिडतो. घरातली माणसं कामात असताना, त्यांच्या नकळत काढलेले फोटोच खरे, असं मी त्याच आठवड्यात एका व्हिडिओत ऐकलं होतं. माझा खरा फोटो काढायला त्या वेळी कुणीच नव्हतं. कॅमेरा माझाच होता आणि तो पिशवीत, टॉवेलात गुंडाळून ठेवला होता.

कॅमेरा घेऊन पंधरा दिवस झाले होते. मी लोणखेड्याला एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. भिंग, अंतर, प्रकाश या गोष्टींचं मला भय नाही. नवरा म्हणाला, "फोनमध्ये आहे की कॅमेरा." मी म्हटलं, "फोनमध्ये होकायंत्रही आहे. बांधाच्या भांडणात काढलंत का कधी?" विषय संपला.

कॅमेरा घ्यायला कारण झाला तो सासऱ्यांचा फोटो. सहा वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकट्याचा एकही फोटो सापडला नाही. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून त्यांना कापून काढलं. शहाद्याच्या स्टुडिओवाल्याने शेजारची माणसं पुसली, मागे निळं आकाश घातलं आणि आम्हाला न विचारता त्यांच्या अंगावर कोट चढवला. सासरे जन्मभर धोतर-सदऱ्यात वावरले. कोटामुळे ते आता एखाद्या सोसायटीचे निवडून न आलेले उमेदवार दिसतात. शिवाय डाव्या खांद्यावर एक हात राहून गेला आहे. चार बोटं आणि एक अंगठी. कुणाचा हात, ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. दरवर्षी आम्ही हार घालतो, तो त्या हातालाही पडतो.

तेव्हापासून आत्याबाईंनी कॅमेऱ्याचा धसका घेतला. मी सासूबाईंना आत्याबाई म्हणते. कुणी फोन वर धरला की त्या पदर डोक्यावर ओढतात, दोन्ही हात मांडीवर ठेवतात, ओठ मिटतात आणि विचारतात, "हाऊच लावशात का भीतवर?" माझ्या फोनमध्ये त्यांचे शंभरेक फोटो असतील. सगळ्यांत एकच बाई आहे आणि मी तिला ओळखत नाही. मी ओळखते ती बाई दिवसभर बोलते, दात नसताना हरभरे खाते आणि रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं देते.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या स्वतःहून म्हणाल्या, "बाई, माले कोट नको घालू दे. आनि दुसरानं आकाश बी नको. मन्हं तोंड जसं शे तसं लाव."

मी म्हटलं, "काढते."

त्या म्हणाल्या, "लवकर काढ. मी काही आते नवी व्हवाव नही."

शब्द दिला, म्हणून कॅमेरा घेतला. अंधारात चालणारी लेन्स मुद्दाम निवडली, कारण कळसाडीचं आमचं घर दुपारी बारालाही अंधारं असतं आणि आत्याबाई उजेडात फार येत नाहीत.

पहिल्या पंधरा दिवसांत मी जे शिकले ते कॅमेऱ्यापेक्षा घराबद्दलचं होतं. अंधारात फोकस सापडावा म्हणून कॅमेऱ्याच्या तोंडावर एक नारिंगी दिवा पेटतो. तो पेटला की माणूस सावध होतो. नवरा पोट आत घेतो. सणाला आलेली नणंद म्हणते, "वहिनी, थांब, केस नीट करू दे." आत्याबाई पदर ओढतात. आवाज न करणारं शटर लावून पाहिलं, तर एलईडीच्या लुकलुकण्याने फोटोत सगळ्यांच्या अंगावर आडवे पट्टे आले. फ्लॅश लावून पाहिला, तर सगळे नुकतेच चोरी करताना पकडल्यासारखे दिसले. आणि मी अंधारात कॅमेरा काढलेला दिसला की घरातलं कुणीतरी धावत जाऊन ट्यूब लावायचं. ते मदत म्हणून, त्यामुळे ओरडताही येत नाही.

पंधरा दिवसांत सगळ्यांनी एक गोष्ट मात्र पक्की धरली. नारिंगी दिवा लागला तर फोटो निघतो, नाही लागला तर बाई नुसती कॅमेरा पुसते आहे.

त्या रविवारी दुपारी, पुरण शिजत असताना, मी कॅमेऱ्याच्या पुस्तिकेचं एकशेबारावं पान काढलं आणि तो दिवा कायमचा बंद केला. कुणाला सांगितलं नाही.

आता रोटांबद्दल लिहायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कानबाई बसते त्या दिवशी आमच्याकडे रोट करतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य मोजून घ्यायचं, वेगळं दळायचं, त्याच्या जाड, छोट्या भाकऱ्यांसारखे रोट भाजायचे. निवडतो आम्ही, दळून आणतो आम्ही, मळतो आम्ही, चटके आम्हाला. मूठ त्यांच्या नावाची. आणि रोट खायचे ते फक्त कुळातल्यांनी. भाऊबंद, त्यांच्या बायका, त्यांची मुलं. बाहेरच्याला तुकडाही नाही. लग्न होऊन गेलेली मुलगी बाहेरची. तिला पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, जे हवं ते पोटभर, रोट नाही.

हा नियम आमच्या घरात आत्याबाई सांभाळतात आणि फार काटेकोर सांभाळतात. माझ्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष होतं. माझी सात वर्षांची धाकटी बहीण माझ्यासोबत आली होती. तिने रोट पाहिला आणि मागितला. आत्याबाई म्हणाल्या, "तिन्हं कूळ येगळं शे." पोरगी दारात बसून रडली. मी नवी होते, गप्प बसले. पण मी काही विसरणाऱ्यांतली नाही. पुढे सव्वीस वर्षं दर श्रावणात रोट भाजताना ते दार मला दिसायचं. आत्याबाईंशी माझं चांगलं आहे, पण त्या चांगल्याच्या तळाशी एक रोट पडलेला होता.

संध्याकाळी कानबाई बसली. नारळाला नथ, साडी, दागिने, पुढे चौरंग, सगळं झालं. नैवेद्य दाखवला. हॉलमध्ये पुरुषांची पंगत बसली आणि वीज गेली. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. त्यावर नवऱ्याने हॉलचा पंखा, टीव्ही आणि कानबाईभोवतीच्या रंगीत माळा जोडल्या आहेत. स्वयंपाकघर जोडलेलं नाही. "तठे काय लागस?" असं त्याने लावताना विचारलं होतं.

त्यामुळे स्वयंपाकघरात एक पणती आणि गॅसची निळी आच एवढाच उजेड होता. मी वाढून परत आले तेव्हा आत्याबाई कोपऱ्यात खाली बसल्या होत्या, समोर नणंद. नणंद माझ्याहून चार वर्षांनी मोठी, रनाळ्याला दिली आहे. सकाळपासून उपाशी राहून तिने सगळा पुरणाचा घाणा काढला होता. दोघी कशावर तरी हसत होत्या. मी दारात टेकले आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. दिवा लागला नाही, म्हणून त्या परत मुलीकडे वळल्या आणि हसत राहिल्या.

सहा फोटो काढले. बरेच हलले असणार असं वाटलं. श्वास रोखला होता, पण मागे धाकटी जाऊ उभी होती आणि तिच्या हातातली पळी माझ्या कोपराला लागत होती.

पंगत उठेपर्यंत बघायला वेळ झाला नाही. मग मागच्या ओट्यावर जाऊन मी मागचा स्क्रीन लावला. पहिले चार हललेले, पाचव्याचा नंबर दोनशे पंधरा.

तो हलला नव्हता. पणती डावीकडून आली होती. आत्याबाईंच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती जागेवर होती, पदर खांद्यावर घसरलेला, तोंड उघडं, दात नाहीत, डोळे जवळजवळ मिटलेले. रेडिओला उत्तरं देणारी ती बाई. मला माझा अभिमान वाटला. मग मी नीट तपासायला चित्र मोठं केलं.

फोकस डोळ्यांवर हवा होता. डोळे किंचित मऊ होते. फोकस पडला होता त्यांच्या पुढे आलेल्या हातावर, तो हात नणंदेच्या तोंडाशी होता, आणि हातात रोट होता. पुरणपोळी नाही. आमच्या पुरणपोळ्या पातळ आणि परातीएवढ्या असतात. हा जाड, अर्धा मोडलेला, त्यावर दाबलेली बोटं. सगळ्या फोटोत पूर्ण स्पष्ट आलेली एकमेव वस्तू तो रोट होता. भाजताना पडलेला काळा डागही मोजता आला असता.

मला आनंद झाला नाही असं मी लिहिणार नाही. सव्वीस वर्षांनी हातात पुरावा आला होता आणि तो चांगल्या लेन्सने काढलेला होता.

तेवढ्यात हॉलमधून नवऱ्याची हाक आली. "अगं, कार्ड दे. टीव्हीवर फोटो लावू. काका थांबलेत."

काका म्हणजे माझे चुलत सासरे, भाऊबंदांतले सगळ्यात वडील. त्यांच्यासमोर, सगळ्या भावकीसमोर, हा फोटो त्रेचाळीस इंचांवर येणार होता. पुसून टाकणं एका बटणाचं काम. पण पुसला असता तर भिंतीवर लावायला परत ती ओठ मिटलेली, पासपोर्टच्या फोटोतल्यासारखी बाईच उरली असती, आणि असा चेहरा पुन्हा सापडेल याची खात्री नव्हती. दिवा बंद केलाय हे आज ना उद्या कळणारच होतं.

मी नवऱ्याला म्हटलं, "पाच मिनिटं. बॅटरी गरम झाली आहे." बॅटरी गरम झाली की काही करता येत नाही, हे पुरुष लगेच मान्य करतात.

आत्याबाईंना मी मागच्या ओट्यावर बोलावलं आणि स्क्रीन पुढे धरला. त्यांनी चष्मा पदराला पुसला.

"हाई मी शे?"

"तुम्हीच."

"दात कोठे गयात?"

"तोंडात नाहीत, म्हणून दिसत नाहीत."

"अशी हासस मी?"

"आज तरी."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. चेहऱ्यावर काही नाराजी नव्हती. मग नजर खाली गेली, हातावर थांबली.

"तुन्हा दिवा तं लागना नही."

"बंद केला दुपारी."

"असं." त्यांनी मान हलवली. हिशोब चुकल्यावर दुकानदार हलवतो तशी. "कोन कोन दखं?"

"मी. आता तुम्ही."

"पोर शे मन्ही," त्या म्हणाल्या. "घाणा काढी काढी थकी गयी. तिन्ही मूठ कोनी काढस नही, म्हनून तिनी काय नुसता वास घेवाना?"

हे ऐकायला मी सव्वीस वर्षं थांबले होते. मी म्हटलं, "माझी बहीणही पोरच होती, आत्याबाई. सात वर्षांची. त्या दारात बसून रडली होती."

"कोनती? ती फ्रॉकवाली?"

"तीच."

"तिले तं दोन दिना व्हतात."

मी कॅमेरा खाली घेतला.

"गोठामा नेईसन दिना. एक तठेच खादा, एक खिसामा टाका. तिले सांगं, तुन्ही बहिनले सांगू नको." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भली पोर व्हती. सांगं नही का तिनी?"

"नाही."

"दखं का."

"पण मला का नाही सांगितलं?"

"तुले सांगं ऱ्हातं तं पुढला साले तू गावभर वाटी येती," आत्याबाई म्हणाल्या. "तुन्हं सगळं उघडं ऱ्हास. नियम ऱ्हास तो उघडा ऱ्हास. बाकीनं मांगला दारनं ऱ्हास."

माझा सव्वीस वर्षांचा राग इतक्या सोयीस्करपणे काढून घेतला गेला की तो ठेवायचा कुठे हा प्रश्नच राहिला नाही. मी कामाचं विचारलं. "याचं काय करू? काका थांबलेत."

"टीव्हीवर नको."

"नाही लावत. भिंतीवर?"

त्यांनी परत चष्मा पुसला. "तोंड चांगलं शे," त्या म्हणाल्या. "हात काप."

मी तो फोटो फोनवर घेतला, फोन साडीत खोचला आणि कार्डावरून पुसला. कॅमेऱ्याने मला विचारलं की खात्री आहे का. होती.

मग टीव्ही. नवऱ्याने खुर्च्या मांडल्या होत्या. काकांना मधली. पहिले वीस फोटो गंगाफळाचे आणि पुरणाच्या पातेल्याचे, त्यावर सगळ्यांनी मान डोलावली. भोपळा हलत नाही. पुढे माणसं सुरू झाली.

"हाऊ कोन शे?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच, काका."

"मी इतला हालस?"

"तुम्ही आरती म्हणत होता."

"तं टाळी दिसाले पाहिजे. आठे तं चार हात शेतस."

नवऱ्याचा एक फोटो असा आला की धड स्थिर आणि डोकं नाही. जाऊ म्हणाली, "जेठजींचा हा एकदम बरोबर आलाय." सगळे हसले. नवरा सोडून.

नवऱ्याला नंबर वाचायची सवय आहे. शेतातल्या पाइपावरचेही वाचतो. तो रिमोट धरून म्हणाला, "दोनशे चौदा. मग एकदम दोनशे सोळा. पंधरा कुठे गेला?"

नणंद पदराने हात पुसायला लागली, कोरडेच होते. तिला काही सांगितलं नव्हतं, पण त्या घरातल्या मुलीला सांगावं लागत नाही.

कोपऱ्यातून आत्याबाई म्हणाल्या, "हालेल व्हई."

"मग ठेवायचा. हे बाकीचेही हललेलेच आहेत."

"तो जास्त हालेल व्हई," आत्याबाई म्हणाल्या. "तुन्हापेक्षा."

पुढचा फोटो आला. तोही हललेला होता, मग त्याला पटलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पहाटेच कानबाई विसर्जनाला नदीवर गेली. परत येताना मी बहिणीला फोन केला. ती आता सुरतेला असते, तिच्याच मुली आता सातच्या पुढे गेल्या आहेत. मी सरळ विचारलं, "माझ्या सासूने तुला रोट दिला होता का?" ती म्हणाली, "दोन दिले होते. तुला कोणी सांगितलं? मी शप्पथ घेतली होती."

साडेनऊला शहाद्याला स्टुडिओ उघडतो, मी दहा मिनिटं आधी पायरीवर होते. कोट घालणाराच स्टुडिओवाला. त्याने फोटो पडद्यावर मोठा केला आणि म्हणाला, "माँजी छान आल्यात. मागे काय टाकू? बगीचा आहे, धबधबा आहे."

"काही नाही. अंधार आहे तो राहू द्या."

"डोळे जरा सॉफ्ट आहेत. हातातली वस्तू एकदम क्लिअर."

"हातच कापायचा आहे. इथून."

त्याने कापला. हात गेला, रोट गेला. पण कोपऱ्यात नणंदेच्या गालाची एक कड आणि आईच्या पदराला धरलेली तिची दोन बोटं राहिली. कितीही सरकवलं तरी आत्याबाईंची हनुवटी कापल्याशिवाय ती जात नव्हती.

"पुसून टाकतो," तो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"राहू द्या," मी म्हटलं. "कुणाची आहेत ते आम्हाला माहीत आहे."

मोठी प्रत फ्रेमला दिली. मग आठवलं म्हणून पूर्ण फोटोची, हातासकट, एक छोटी प्रत काढायला सांगितली. त्याने काही विचारलं नाही. माणूस कोट घालतो, पण धंद्याला पक्का आहे.

अकराला कळसाडीला परतले. नणंद निघायच्या तयारीत होती. आत्याबाईंनी तिची पिशवी भरून दाराशी ठेवली होती, सगळ्यात वर पुरणपोळ्यांचा डबा. मी छोटी प्रत लिफाफ्यात घातली आणि ती डब्याखाली, साडीच्या घडीत सरकवली. त्यासाठी डबा उचलावा लागला. पातळ पोळ्यांच्या मानाने तो बराच जड लागला. मी झाकण न उघडता तो परत जागेवर ठेवला आणि पिशवीची चेन लावून दिली.